संभाव्यता कशाची, घटनेची की वाक्याची?

१७५४ साली फ्रेंच विश्वकोशाच्या चौथ्या खंडात दालाँबेर या नामवंत गणितज्ञाचे छापा-काट्यावरचे एक टिपण आले. प्रश्न साधा होता. नाणे दोनदा उडवले तर एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता किती? दहावीचा विद्यार्थी चार शक्यता लिहील, त्यांतल्या तीन अनुकूल आहेत असे म्हणेल आणि तीन-चतुर्थांश हे उत्तर देईल. दालाँबेरने उत्तर दिले दोन-तृतीयांश. पहिल्याच वेळी छापा पडला की काम झाले, पुन्हा नाणे उडवायचे कारणच राहिले नाही, असा त्याचा युक्तिवाद. म्हणून शक्यता तीनच: पहिल्यांदाच छापा, आधी काटा मग छापा, किंवा दोन्ही वेळा काटा. तिन्हींपैकी दोन अनुकूल.

थोर माणसाची चूक म्हणून हे उदाहरण सांगतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. मला ते इतक्या लवकर सोडवत नाही. उत्तर चुकले आहे हे नाणे पुष्कळ वेळा उडवून पाहिले की कळते. पण दालाँबेरने संभाव्यताशास्त्राचा कोणता नियम मोडला, असे विचारले तर एकही नियम दाखवता येत नाही. त्याच्या तीन शक्यता परस्परांना छेदत नाहीत, तिन्ही मिळून काही बाहेर राहत नाही, तिन्हींना दिलेल्या संख्यांची बेरीज एक येते. हिशेब चोख आहे. जे काही बिनसले ते हिशेबाच्या आधी, शक्यतांची यादी ज्या शब्दांत केली आणि त्या यादीतल्या नोंदींना ज्या सहजतेने सारखे मानले, तिथे बिनसले.

संभाव्यता घटनेला चिकटलेली नसते. ती घटनेच्या वर्णनाला, म्हणजे कुठल्या तरी भाषेतल्या वाक्याला दिलेली असते, असे माझे म्हणणे आहे. भाषा म्हणजे इथे तर्कशास्त्रात जिला आकारिक भाषा म्हणतात ती: मोजकी चिन्हे, आणि त्यांपासून वाक्ये कशी बांधायची याचे पक्के नियम. ती भाषा आधी ठरवल्याशिवाय संभाव्यतेची संख्या उच्चारणे हे अर्धेच विधान आहे. गेल्या सव्वाशे वर्षांतले या शास्त्राच्या पायाविषयीचे बहुतेक वाद मुळात भाषेविषयीचे वाद होते, असे मला वाटते.

हा पाया घालण्याचे आवाहन गणितज्ञ हिल्बर्टने केले होते. १९०० साली पॅरिसच्या गणित परिषदेच्या निमित्ताने त्याने मांडलेल्या प्रश्नांतला सहावा भौतिकशास्त्राला गृहीतकांची बैठक देण्याविषयी आहे, आणि त्यात संभाव्यतेचे नाव त्याने अग्रक्रमाने घेतले. उत्तर आले १९३३ मध्ये. आंद्रेई कोल्मोगोरोव्हचे साठेक पानांचे जर्मन पुस्तक बर्लिनहून निघाले आणि वाद मिटल्यासारखा झाला. त्याची गृहीतके थोडक्यात सांगता येतात. प्रत्येक घटनेला शून्य किंवा अधिक अशी संख्या द्या, संपूर्ण नमुना अवकाशाला, म्हणजे सर्व शक्यतांच्या संचाला, एक द्या, आणि एकत्र घडू न शकणाऱ्या घटनांच्या संख्यांची बेरीज करा, मग त्या घटना एकामागून एक मोजता येणाऱ्या अनंत का असेनात.

या गृहीतकांच्याही आधी एक अट आहे, तिच्याकडे वाचकाचे लक्ष कमी जाते. संख्या वाट्टेल त्या संचाला देता येत नाहीत. घटनांचे एक कुटुंब आधी निवडावे लागते, आणि ते असे की त्यातल्या घटनेचा नकार त्यात असला पाहिजे आणि घटनांना ‘किंवा’ने जोडून होणारी घटनाही त्यात असली पाहिजे. ‘आणि’ मग आपोआप येतो. हे व्याकरणच आहे. जॉर्ज बूलने १८५४ साली विचारांच्या नियमांवर ग्रंथ लिहिला तेव्हा तर्कशास्त्र आणि संभाव्यता ही दोन्ही नावे त्याने शीर्षकातच एकत्र घातली होती. त्याला ती एकाच बीजगणिताची दोन कामे वाटत होती. निवड टाळता येईल का? नाही. रेषाखंडाच्या प्रत्येक उपसंचाला, तो सरकवला तरी बदलणार नाही अशी लांबी देता येत नाही, हे व्हिटालीने १९०५ मध्येच दाखवले होते. कशाबद्दल बोलायचे आणि कशाबद्दल नाही हे ठरवल्यावरच मोजणी सुरू होते.

कोणत्या दोन घटना समान संभाव्य, याविषयी कोल्मोगोरोव्हची गृहीतके एक अक्षर बोलत नाहीत. त्यांच्या दृष्टीने दालाँबेर निर्दोष आहे. हे मौन किती महाग पडू शकते ते फ्रेंच गणितज्ञ बेर्त्राँने १८८९ साली दाखवले होते. वर्तुळात एक जीवा सहज म्हणून काढा. ती वर्तुळात अंतर्लिखित समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा लांब असण्याची संभाव्यता किती? जीवेची टोके परिघावर सहज निवडली तर एक-तृतीयांश, जीवेचे केंद्रापासूनचे अंतर सहज निवडले तर एक-द्वितीयांश, जीवेचा मध्यबिंदू वर्तुळात सहज निवडला तर एक-चतुर्थांश. जीवा तीच, वर्तुळ तेच, तिचे वर्णन करायच्या रीती तीन.

या दुखण्यावर सर्वांत धीटपणे हात घातला तो तत्त्वज्ञ रुडॉल्फ कार्नापने. १९५०च्या त्याच्या ग्रंथात संभाव्यता उघडपणे आकारिक भाषेतल्या वाक्यांना दिलेली आहे. त्याच्या पद्धतीचे सर्वांत लहान उदाहरण घेऊ. भाषेत दोन वस्तूंची नावे आहेत, क आणि ख, आणि एकच विधेय आहे, ‘तांबडा’. या भाषेत जगाची पूर्ण वर्णने चार होतात: दोन्ही तांबडे, फक्त क तांबडा, फक्त ख तांबडा, एकही नाही. चौघांना पाव-पाव द्या. आता क पाहिला, तो तांबडा निघाला. ख तांबडा असण्याची संभाव्यता किती? अर्धी, पाहण्यापूर्वी होती तेवढीच. वस्तू हजार घेतल्या आणि नऊशे नव्याण्णव तांबड्या निघाल्या तरी हजाराव्याची संभाव्यता अर्धीच राहते. वरवर अत्यंत न्याय्य दिसणाऱ्या या वाटणीत अनुभवातून काही शिकणेच अशक्य आहे.

आता दुसरी वाटणी. कोणती वस्तू तांबडी हे न विचारता किती तांबड्या एवढेच विचारा: दोन, एक किंवा शून्य. या तिघांना एक-तृतीयांश द्या. मधल्या प्रकारात दोन वर्णने येतात, त्यांना एक-षष्ठांश. क तांबडा निघाला, तर ख तांबडा असण्याची संभाव्यता आता दोन-तृतीयांश होते. अनुभव शिकवू लागला. कार्नापने ही दुसरी वाटणी उचलली ती यासाठीच. कोल्मोगोरोव्हची गृहीतके दोन्ही वाटण्यांना सारखीच मान्यता देतात.

पण पेच इथे संपत नाही, वाढतो. त्याच भाषेत ‘जड’ हे दुसरे विधेय घाला. क जड आहे की हलका, काही सांगू नका. तो तांबडा आहे एवढेच सांगा. कार्नापच्या त्याच नियमाने ख तांबडा असण्याची संभाव्यता आता दोन-तृतीयांशावरून तीन-पंचमांशावर येते. जगात काही बदलले नाही, नवे निरीक्षण झाले नाही, शब्दसंग्रहात एक शब्द वाढला. कार्नापवर टीका करणाऱ्यांनी याला त्याच्या पद्धतीचा पराभव म्हटले. मला हा त्याचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष वाटतो. इतर पद्धतींत जे अवलंबन झाकलेले असते ते त्याने उघड्यावर आणले.

मग संभाव्यता ही नुसती बोलणाऱ्याची मर्जी ठरते काय? नाही, आणि याचा सर्वांत सुंदर पुरावा ढाक्याहून आला. १९२४ साली सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांच्या मोजणीवरचा लेख आइन्स्टाइनला पाठवला. आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये अनुवाद करून छापवला. त्या मोजणीचा गाभा असा: दोन प्रकाशकण दोन जागांत ठेवायचे तर व्यवस्था चार नसून तीन मानायच्या. ‘हा इकडे, तो तिकडे’ आणि ‘तो इकडे, हा तिकडे’ ही दोन वेगळी वाक्ये नाहीतच, कारण कणांना हा-तो अशी नावे देण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. कार्नापची दुसरी वाटणी ती हीच, त्याच्या ग्रंथाच्या पाव शतक आधी. या मोजणीतूनच प्लांकचा प्रारणाचा नियम नीट सुटला, आणि तिने भाकीत केलेली द्रव्याची अवस्था १९९५ मध्ये प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तयार करण्यात आली. नाण्यांना चार शक्यतांची भाषा लागू पडते, प्रकाशकणांना तीनची. निसर्ग उत्तर देतो, ठामपणे देतो, पण प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचा ते आपल्याला शोधून काढावे लागते. बोस यांचा शोध अशा एका भाषेचा शोध होता.

यावर वारंवारतावादी म्हणतील: भाषेची भानगड कशाला? दीर्घ मालिका घ्या, छापा किती वेळा येतो ते मोजा, तीच संभाव्यता. रिचर्ड फॉन मिझेसने १९१९ मध्ये याच विचारावर पाया रचायचा प्रयत्न केला. अडचण ही की कोणतीही मालिका चालत नाही, ती यादृच्छिक असावी लागते. आणि यादृच्छिक कशाला म्हणायचे हा प्रश्न पुन्हा भाषेच्या दारात आणून सोडतो.

वृत्तांचे गण पाठ करताना शाळेत घोकलेले ‘यमाताराजभानसलगा’ आठवून पाहा. दहा अक्षरे, लघू आणि गुरू अशा दोनच चिन्हांची माळ. तीत लागोपाठची तीन-तीन अक्षरे घेत गेले की य, म, त, र, ज, भ, न, स हे आठही गण नेमके एकेकदा येतात. तीन-तीनच्या वारंवारतेने पाहिले तर याहून समतोल मालिका असू शकत नाही, आणि तरी तिच्यात यादृच्छिक असे काही नाही; कोण्या बुद्धिमान माणसाने ती विचारपूर्वक बांधली आहे. अनंत मालिकेचे उदाहरण १९३३ सालीच चँपरनाउनने दिले. दशांशचिन्हापुढे १, २, ३ करत सर्व संख्या ओळीने लिहीत जा. प्रत्येक अंक अंतिमतः दहात एकदा येतो, प्रत्येक जोडी शंभरात एकदा, आणि तरी पुढचा अंक कोणता हे लहान मूलही सांगेल.

फॉन मिझेसला हे ठाऊक होते. म्हणून त्याने अट घातली की मालिकेतल्या जागा निवडण्याचा कोणताही नियम लावला तरी वारंवारता बदलता कामा नये. पण ‘कोणताही नियम’ म्हणजे कोणता? ‘जिथे छापा आहे त्याच जागा निवडा’ हाही नियमच. सर्व नियम मान्य केले तर एकही मालिका शिल्लक राहत नाही. म्हणून १९४० मध्ये चर्च या तर्कशास्त्रज्ञाने मर्यादा घातली: जो नियम यांत्रिक आकडेमोडीने चालवता येतो तोच नियम. यादृच्छिकतेच्या व्याख्येत आकारिक भाषेने असा पाय ठेवला.

आणि मग खुद्द कोल्मोगोरोव्ह परतला. आपल्या गृहीतकांतून वास्तव जगाशी असलेला दुवा सुटला आहे ही गोष्ट त्याला तीस वर्षे डाचत असावी. त्याचा परतीचा लेख १९६३ साली कलकत्त्याच्या ‘संख्या’ या नियतकालिकात आला, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या मुखपत्रात. संभाव्यतेच्या आधुनिक पायाच्या दुसऱ्या पर्वाचा आरंभ आपल्या देशातल्या एका नियतकालिकाच्या पानांवर झाला, हे आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही. लेखाचा विषय होता यादृच्छिक अंकांची कोष्टके. त्यात त्याने मर्यादित लांबीच्या कोष्टकाविषयी विचारले, आणि साधे नियम संख्येने थोडेच असतात, कारण थोडक्या चिन्हांत थोडेच लिहिता येते, या गोष्टीचा आधार घेतला. दोन वर्षांनी त्याने तो विचार पूर्ण केला: मालिकेची गुंतागुंत म्हणजे ती छापून देणाऱ्या सर्वांत लहान आज्ञावलीची लांबी. जिला तिच्या स्वतःच्या लांबीहून विशेष थोडक्यात सांगता येत नाही ती यादृच्छिक.

आज्ञावली कोणत्या भाषेतली, हा प्रश्न लगेच उभा राहतो. त्यावर एक प्रमेय आहे. एका भाषेतून दुसरीत गेल्याने सर्वांत लहान लांबी फार तर एका ठरावीक संख्येने बदलते, मालिका कितीही लांब असो. पुष्कळांना वाटते की याने भाषेचा प्रश्न निकालात निघाला. मला तसे वाटत नाही. ती ठरावीक संख्या किती मोठी असावी यावर कसलेही बंधन नाही. अनंत मालिकेपुढे ती नगण्य आहे हे खरे, पण माणसाच्या हाती येणारी प्रत्येक मालिका मर्यादित असते: दीडशे वर्षांच्या पावसाच्या नोंदी, दोनशे रुग्णांची चाचणी. तिथे ती संख्या साऱ्या पुराव्याहून मोठी असू शकते.

आतापर्यंत भाषा संभाव्यतेच्या पायाशी दिसली. उलट दिशेने, खुद्द भाषेलाच संभाव्यता लावण्याचे काम आंद्रेई मार्कोव्हने २३ जानेवारी १९१३ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे सादर केले. पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’मधली पहिली वीस हजार अक्षरे त्याने हाताने मोजली होती. ८,६३८ स्वर, ११,३६२ व्यंजने. स्वरानंतर स्वर येण्याचे प्रमाण ०.१२८, व्यंजनानंतर स्वर येण्याचे ०.६६३. यामागे एक जुना वाद होता. मॉस्कोचा नेक्रासोव्ह म्हणत होता की मोठ्या संख्यांचा नियम स्वतंत्र घटनांनाच लागू पडतो, आणि गुन्हे, विवाह यांच्या आकड्यांत तो दिसतो त्या अर्थी माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे. मार्कोव्हला गणितावर चढवलेला हा धर्मशास्त्राचा साज सहन झाला नाही. एकमेकांवर अवलंबून असलेल्या घटनांनाही नियम लागू पडतो हे त्याने सिद्ध केले होतेच. पुश्किनची अक्षरे हा त्याचा जिवंत दाखला.

हाच प्रयोग मराठीवर करायचा तर पहिल्याच पावलाला थांबावे लागते. मोजायचे काय? रशियन लिपीत स्वर आणि व्यंजन ही वेगळी अक्षरे आहेत. देवनागरीत ‘कि’ हे एक अक्षर, संगणकाच्या साठवणीत ती दोन चिन्हे, ‘क्ष’ची तीन. शॅननने १९५१ मध्ये इंग्रजीच्या एका अक्षरामागे माहिती सुमारे एक बिट असल्याचा अंदाज केला. मराठीच्या ‘एका अक्षरामागे’ असे म्हणताना एकक न सांगितल्यास त्या आकड्याला अर्थच नाही. आज वाक्यांना संभाव्यता देणारी यंत्रे घरोघरी पोहोचली आहेत, आणि तीही मजकुराचे आधी तुकडे करतात. मराठी शब्द कुठे तोडला जातो यावर त्याची किंमत ठरते.

भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५७ मध्ये भाषेला संभाव्यता लावण्याचा हा सारा मार्गच नाकारला. रंग नसलेल्या हिरव्या कल्पना झोपल्याचे सांगणारे त्याचे प्रसिद्ध वाक्य अर्थहीन पण व्याकरणशुद्ध आहे. त्याचे शब्द उलटे लावले तर व्याकरणही उरत नाही. दोन्ही पूर्वी कोणी उच्चारलेली नाहीत, म्हणून संख्याशास्त्राला दोन्ही सारखीच अशक्य दिसतील, असे तो म्हणाला. २००० साली फर्नांदो पेरेराने शब्दांचे छुपे वर्ग मानणारे एक साधे प्रतिमान घेऊन दाखवले की पहिले वाक्य दुसऱ्याहून सुमारे दोन लाख पटींनी अधिक संभाव्य ठरते. चॉम्स्कीचे शून्य निव्वळ शब्दजोड्या मोजणाऱ्या भाषेतून आले होते. वर्णनाची भाषा थोडी समृद्ध होताच ते नाहीसे झाले.

व्याकरण आणि संभाव्यता एकत्र आणताना मात्र जपावे लागते. समजा व्याकरणाचे दोनच नियम आहेत. वाक्याच्या जागी दोन वाक्ये ठेवा, संभाव्यता दोन-तृतीयांश; किंवा वाक्याच्या जागी एक शब्द ठेवा, संभाव्यता एक-तृतीयांश. प्रत्येक पायरीवर बेरीज एक. पण या व्याकरणातून तयार होणाऱ्या सर्व वाक्यांच्या संभाव्यता मिळवल्या तर बेरीज अर्धीच भरते! उरलेली अर्धी कधीच न संपणाऱ्या रचनांत जाते. नियमांच्या भाषेत हिशेब बरोबर, वाक्यांच्या भाषेत अपुरा. नमुना अवकाश नियमांचा की वाक्यांचा, हे आधी सांगावेच लागते.

हे सारे तत्त्वज्ञांच्या खोलीतले नाही. भारतीय हवामान विभाग दर वर्षी मोसमी पावसाचा अंदाज वर्गांच्या संभाव्यतांत देतो. १९७१ ते २०२०ची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सर्वसाधारण. त्या भाषेची चिन्हे आहेत संपूर्ण देश आणि जून ते सप्टेंबरची बेरीज. मराठवाड्यात सोयाबीन पेरलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न आहे पेरणीनंतर खंड पडेल का, आणि ते वाक्य त्या भाषेत बांधताच येत नाही. अंदाज तंतोतंत खरा ठरला तरी त्याला त्याचे उत्तर मिळत नाही, आणि याला अंदाजाची चूक म्हणणे अन्यायाचे आहे.

२०२३च्या खरिपात पीकविम्याच्या संदर्भात २१ दिवसांच्या खंडाची अट गावोगाव चर्चेत होती. पावसाचा दिवस कशाला म्हणायचे याचाही आकडा असतो. हवामान विभागाच्या व्याख्येत तो किमान अडीच मिलिमीटर. असे आकडे संभाव्यतेच्या गणितात नंतर येतात, आधी ते घटनेचे व्याकरण ठरवतात. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, हलक्या मुरमाड जमिनीत ती काही दिवसांत उडून जाते. दोन्हींसाठी २१ हा एकच आकडा म्हणजे दोन वेगळ्या घटनांना एकच नाव. जमिनीचा पोत आणि पिकाची अवस्था ज्या भाषेत विधेये म्हणून असतील, त्याच भाषेत खंडाची व्याख्या झाली पाहिजे, आणि विम्याचा हप्ता व भरपाई ठरवणाऱ्या संभाव्यता त्यानंतर, महसूल मंडळांच्या दिवसवार नोंदींवरून काढल्या पाहिजेत. ती व्याख्या लिहिण्याच्या बैठकीत कृषिविद्यापीठाचा मृदाशास्त्रज्ञ आणि कोरडवाहू शेतकरी हे संख्याशास्त्रज्ञाच्या आधी बसायला हवेत.